झाडू नव्हे, जाब!



विजयादशमीच्या दिवशी शिर्डीच्या रस्त्यावर दोन प्रवाह दिसतात. साईबाबांचे देहावसान १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीला झाले. म्हणून त्या दिवशी समाधीच्या दर्शनासाठी लोटणारी अफाट गर्दी हा पहिला प्रवाह. दुसरा प्रवाह लहान आहे. शुभ्र वस्त्रे परिधान करून, मुलाबाळांना बरोबर घेऊन नागपूरच्या दीक्षाभूमीकडे निघालेली आमची कुटुंबे हा तो प्रवाह होय. १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवसही विजयादशमीचाच होता.

तुमच्यापैकी कोणी गेल्या वर्षी, कोणी दोन-चार वर्षांपूर्वी बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि पहिला प्रवाह सोडून दुसऱ्यात पाऊल टाकले. घरातला देव्हारा उतरला. अंगारा, नवस, गंडेदोरे गेले. याबद्दल तुमचे अभिनंदन करावे तितके थोडेच आहे. परंतु आम्हांस तुम्हांला एक प्रश्न विचारावयाचा आहे. घरात कोणी आजारी पडले, म्हणजे रुग्णालयाच्या खिडकीपाशी तुम्ही कसे उभे राहता?

आम्ही पाहतो ते असे : आमचा माणूस तेथे हात जोडून उभा असतो. ‘साहेब, तेवढी मेहेरबानी करा,’ एवढेच शब्द त्याच्या तोंडून निघतात. खाट मिळाली, तर देणाऱ्याचे उपकार तो जन्मभर सांगत राहतो. खाट मिळाली नाही, तर कपाळाला हात लावून ‘नशीब’ म्हणतो आणि मिळेल त्या गाडीने पुढच्या गावाकडे धावतो. बंधुभगिनींनो, ज्या दिवशी तुम्ही त्रिशरण घेतले, त्याच दिवशी हे नशीबही सोडावयास हवे होते. देव गेला आणि नशीब राहिले, तर धर्मांतर अर्धेच झाले असे म्हणावे लागेल.

गरिबाचा औषधोपचार हा मेहेरबानीचा विषय नाही. तो कायद्याचा, अंदाजपत्रकाचा आणि विधिमंडळाच्या देखरेखीचा विषय आहे. ती देखरेख तुम्ही निवडून दिलेल्या प्रतिनिधींनी करावयाची असते, आणि तुम्ही विचारल्यावाचून ती होत नाही. एवढीच गोष्ट आज सांगावयाची आहे.

उदी आणि शस्त्रक्रिया

प्रथम शिर्डीचेच उदाहरण घेऊ. श्री साईनाथ रुग्णालय आणि श्री साईबाबा रुग्णालय ही संस्थानाची दोन रुग्णालये आहेत. दूरदूरच्या तालुक्यांतून गरीब रुग्ण तेथे येतात आणि अनेकांना अल्प खर्चात उपचार मिळतात. हे चांगले काम आहे; ते नाकारणे म्हणजे सत्याशी प्रतारणा होईल. परंतु त्या कामाचा अर्थ नीट ओळखा. ज्या संस्थानात उदी मिळते, त्याच संस्थानाला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी पदवीधर शल्यविशारद नेमावे लागतात, यंत्रे आणावी लागतात आणि परिचारिकांना वेतन द्यावे लागते. रोग बरा करण्याची शक्ती विद्येत आहे, हे संस्थानाच्या कारभारानेच मान्य केले आहे. मग विद्येच्या दारात उभे राहताना आम्ही याचकाची मुद्रा का धारण करावी?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. संस्थानाची तिजोरी कोणा एका धन्याची नाही. २००४ साली महाराष्ट्र विधिमंडळाने शिर्डी संस्थानासाठी स्वतंत्र अधिनियम केला आणि त्या अधिनियमान्वये संस्थानाची व्यवस्थापन समिती राज्य सरकार नेमते. २०१८ साली याच तिजोरीतून निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी ५०० कोटी रुपये बिनव्याजी देण्याचा निर्णय झाला. २०२१ साली सरकारने नेमलेली समिती मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केली. दुष्काळी शेताला पाणी मिळावे की न मिळावे, हा येथे वाद नाही. सांगावयाचे ते हे की, ज्याला तुम्ही ‘बाबांचे दान’ म्हणता त्याच्या मागे विधिमंडळाचा कायदा उभा आहे, सरकारची नेमणूक उभी आहे आणि न्यायालयाची नजर उभी आहे. जेथे कायदा आहे तेथे हिशेब आहे, आणि जेथे हिशेब आहे तेथे नागरिकाला प्रश्न विचारता येतो.

खासगी धर्मादाय रुग्णालयांचीही हीच गोष्ट आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यान्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलतीच्या दरात द्यावयाच्या असतात. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत बाजूला काढावयाची असते. या खाटा कोणी उदार होऊन देत नाही. ‘धर्मादाय’ म्हणून जी करसवलत आणि जो मान त्या संस्थांना मिळतो, त्याची ती परतफेड आहे. तुमच्यापैकी किती जणांनी कधी खिडकीवर जाऊन ‘आज निर्धन रुग्णांच्या खाटा किती रिकाम्या आहेत?’ असे विचारले आहे?

गरीब हा वैद्याचा गुरू

आता वैद्यकीय महाविद्यालयांकडे वळू. डॉक्टर कसा घडतो, हे आमच्या लोकांना क्वचितच कोणी सांगितले आहे. तो केवळ ग्रंथ वाचून घडत नाही. त्याला रुग्ण लागतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या मानकांप्रमाणे दर वर्षी १०० विद्यार्थी घेणाऱ्या महाविद्यालयाला ४२० खाटांचे रुग्णालय जोडलेले असावे लागते, आणि त्या खाटांपैकी वर्षभरात सरासरी ८० टक्के भरलेल्या असाव्या लागतात. या खाटांवर कोण निजतो? श्रीमंत मनुष्य शिकाऊ हाताखाली सहसा जात नाही. तो थेट मोठ्या डॉक्टरच्या स्वतंत्र खोलीत जातो. शिकाऊ विद्यार्थी पोट चाचपावयास शिकतो ते ऊसतोड करणाऱ्या मजुराचे. पहिले बाळंतपण तो पाहतो ते वस्तीवरच्या आमच्या भगिनीचे. नाडी, श्वास, जखम, ताप, ही सारी अक्षरे तो गरिबाच्या देहावर गिरवतो.

तेव्हा गरीब हा वैद्यकाचा केवळ लाभार्थी नाही. तो वैद्याचा गुरू आहे. २०२५ च्या जूनअखेर केंद्रीय अन्वेषण विभागाने वैद्यकीय महाविद्यालयांच्या तपासणीतील लाचखोरीबद्दल गुन्हा नोंदविला. तपासणीच्या दिवशी बनावट रुग्ण खाटांवर निजविल्याचा आणि कागदावरचे अध्यापक हजर दाखविल्याचा आरोप त्यात आहे. आरोप सिद्ध व्हावयाचे आहेत. परंतु त्यांतील एक गोष्ट ध्यानात घ्या. गरिबाची गरज केवढी मोठी म्हणावी! तो आला नाही, तर त्याचे सोंग तरी आणावे लागते.

एकलव्याने अंगठा दिला तो शिष्य म्हणून. येथे तर गुरूच आपला देह देतो आणि दक्षिणाही त्याच्याकडूनच वसूल होते!

तुमच्या जिल्ह्याची स्थिती पाहा. राहाता तालुक्यात, शिर्डीपासून जवळच लोणी येथे, १९८४ साली खासगी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्यानंतर चार दशके उलटली, तरी या विस्तीर्ण जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. अखेर ६ मे २०२५ रोजी चौंडी येथे भरलेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत अहिल्यानगर येथे १०० विद्यार्थ्यांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि ४३० खाटांचे रुग्णालय स्थापण्याचा निर्णय झाला. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु ४२० चे मानक आणि ४३० चा निर्णय हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. या खाटा कोणा मंत्र्याच्या औदार्यातून आलेल्या नाहीत. १०० डॉक्टर शिकविण्यासाठी त्या लागतातच. त्या भरणार तुम्ही. म्हणूनच त्यांच्यावर तुमचा अधिकार आहे.

आता एक धोका सांगतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्यात आले. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय ही सारी त्यात आली. परंतु वैद्यकीय शिक्षण विभागाची, म्हणजे महाविद्यालयांना जोडलेली रुग्णालये त्या निर्णयाच्या कक्षेत घेतली गेली नाहीत. राज्य एकच, तिजोरी एकच, रुग्णही तोच. परंतु एका खात्याच्या दारात उपचार मोफत आणि दुसऱ्या खात्याच्या दारात पावती! महाराष्ट्रात नवे महाविद्यालय निघते तेव्हा पुष्कळदा असलेले जिल्हा रुग्णालयच त्याला जोडले जाते. म्हणजे पाटी बदलते, खाते बदलते आणि त्याबरोबर काल जे मोफत होते त्याला आज शुल्क लागू शकते. शिर्डीहून सुमारे ८० किलोमीटरचा प्रवास करून जो मजूर नगरला पोहोचेल, त्याला हा दोन खात्यांचा भेद कोण समजावून सांगणार?

नांदेडचा झाडू

यावर कोणी म्हणेल, ‘आमचे पुढारी रुग्णालयांवर लक्ष ठेवतातच की!’ ते लक्ष कसे असते, हे आम्ही २०२३ साली पाहिले. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. सारा महाराष्ट्र हादरला. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. अशा वेळी लोकसभेच्या एका सदस्याने काय करावे? औषधे का संपली, पदे किती रिकामी होती, खरेदी कोणत्या टेबलावर अडली, हे विचारावे. औषधखरेदीसाठी विधिमंडळाने त्याच वर्षी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला होता. त्याचे काम का सुरू झाले नाही, असा जाब विचारावा. परंतु ३ ऑक्टोबर २०२३ रोजी एक खासदार त्या रुग्णालयात गेले आणि अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करवून घेतले. छायाचित्रणाची यंत्रे चालू होती. ते अधिष्ठाते आदिवासी समाजातील होते. पुढे या प्रकरणी अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा नोंदला गेला.

झाडूचा इतिहास इतर कोणाला ठाऊक नसला, तरी तुम्हांला ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्या तो आमच्या हाती देण्यात आला आणि त्यालाच आमचा धर्म म्हणण्यात आले. वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोच्च खुर्चीवर बसलेल्या आदिवासी डॉक्टरच्या हातीही शेवटी झाडूच दिला जावा, आणि त्याला ‘लोकप्रतिनिधीची देखरेख’ असे नाव मिळावे, याहून मोठी विटंबना कोणती? शौचालय घाण होते, हे खरे आहे. घाणीत बाळंतीण निजते, हेही खरे आहे. तिचा कैवार घेणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु त्या झाडूने एक तरी रिकामे पद भरले काय? औषधाची एक तरी कुपी आली काय?

आता याच्या शेजारी आपल्या शास्त्याचे उदाहरण ठेवा. विनयपिटकात एक प्रसंग आहे. विहारातून फिरत असता तथागतांना एक भिक्खू अतिसाराने पीडित, आपल्याच मलमूत्रात पडलेला दिसला. त्याच्याजवळ कोणी नव्हते. इतर भिक्खूंना त्याचा काही उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी त्याची शुश्रूषा सोडली होती. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. स्वतः पाणी ओतले. आनंदाने त्याचे अंग धुतले. दोघांनी मिळून त्याला उचलून खाटेवर निजविले. शास्त्याने स्वतःचे हात लावले; कोणाला लाजविण्यासाठी त्याच्या हाती झाडू दिला नाही.

पण प्रसंग येथे संपत नाही. भगवंतांनी भिक्खुसंघ एकत्र बोलाविला, कारण विचारले आणि नियम घालून दिला : उपाध्यायाने आजारी शिष्याची आणि शिष्याने आजारी उपाध्यायाची शुश्रूषा करावी, ज्याला कोणी नाही त्याची शुश्रूषा संघाने करावी, जो करणार नाही तो दोषी. करुणा एका दुपारी ओसंडून गेली आणि संपली, असे त्यांनी होऊ दिले नाही. तिचे त्यांनी नियमात रूपांतर केले. शिकविणारा, शिकणारा आणि रुग्ण या तिघांना त्यांनी एकाच नियमाने बांधले. वैद्यकीय शिक्षणावरील देखरेख याहून वेगळी ती कोणती? पुढे सम्राट अशोकाने माणसांच्या आणि पशूंच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे आपल्या दुसऱ्या शिलालेखात कोरविले. रोग्याची काळजी हे राज्याचे कर्तव्य आहे, ही शिकवण आमच्या घरची आहे. ती कोणाकडून उसनी आणावयाची नाही.

जाब विचारण्याची आमची परंपरा

सभागृहात उभे राहून गरिबाच्या आरोग्याविषयी बोलण्याचा पायंडा आमच्याच लोकांनी पाडला आहे. १९२८ साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. १९२९ साली तो कायदा झाला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. तो मांडला प्रभाकर जनार्दन रोहम यांनी. रोहम हे स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद होते आणि तुमच्याच जिल्ह्याचे, तेव्हाच्या अहमदनगरचे, प्रतिनिधी होते. बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण त्यांनी सभागृहात मांडले. वारंवारच्या बाळंतपणाने गरीब स्त्रीच्या देहाची जी होळी होते, तिच्याकडे सरकारने पाहावे, ही ती मागणी होती. ठराव नामंजूर झाला. परंतु अस्पृश्यांच्या एका पक्षाने, नगर जिल्ह्याच्या एका प्रतिनिधीच्या मुखाने, साऱ्या गरीब स्त्रियांसाठी सरकारला जाब विचारला, हे इतिहासात नोंदले गेले.

जाबाने काही होत नाही, असे कोणी म्हणू नये. २०१६ च्या मार्चमध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने त्या वेळच्या भारतीय वैद्यकीय परिषदेच्या कारभारावर कडक अहवाल दिला. २०१९ साली नवा कायदा झाला आणि २०२० साली त्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. आयोगही निर्दोष नाही, हे २०२५ च्या गुन्ह्यावरून दिसतेच; पण समितीने विचारले म्हणून जुनी भिंत पडली. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये काढली जात असल्याचा प्रश्न २०१९ साली विधानपरिषदेत गाजला. चौकशी समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सभागृहात प्रश्न आला नसता, तर हा आकडा त्या स्त्रियांच्या पोटातील व्रणांतच गाडला गेला असता.

जागा कोणाच्या?

गरिबाने देह द्यावा, पण त्याच्या मुलाने डॉक्टर होऊ नये, ही व्यवस्था कोणाला मान्य आहे? राज्यघटनेतील कलम १५ चे पाचवे उपकलम खासगी शिक्षणसंस्थांतही अनुसूचित जाती, जमाती आणि मागास वर्गांसाठी राखीव जागा ठेवण्याचा कायदा करण्याची मुभा देते. २००५ च्या घटनादुरुस्तीने ते आले. शासकीय संस्थांसाठी संसदेने कायदा केला. खासगी संस्थांसाठी देशभर लागू होईल असा कायदा करण्याची शिफारस संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये केली. शिफारस हा कायदा नव्हे. तिला कायद्याचे रूप द्यावयाचे, तर कोणी तरी संसदेत उभे राहून सतत विचारले पाहिजे.

आणि तुमचा खासदार हे विचारू शकतो. शिर्डी लोकसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. त्यातील श्रीरामपूरची विधानसभेची जागाही राखीव आहे. कोणी म्हणेल, ‘संयुक्त मतदारसंघात राखीव जागेवरचा मनुष्य आमच्या एकट्याच्या मतांवर निवडून येत नाही, तो पक्षाचा होतो, आमचा राहत नाही.’ पुणे करारापासूनची ही खंत खोटी नाही. परंतु याच कारणास्तव आमचा प्रश्न असा असावा की तो एकट्या आमचा राहणार नाही. निःशुल्क उपचार हा मातंग मजुराचा प्रश्न आहे, भिल्ल कुटुंबाचा आहे, भूमिहीन मराठ्याचा आणि मुसलमान विणकराचाही आहे. जो प्रतिनिधी हा प्रश्न टाळील, तो एका जातीला नव्हे, साऱ्या मतदारसंघाला टाळील.

नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांसाठी येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘बौद्ध झाल्यावर सवलत जाते,’ अशी भीती अजूनही घालण्यात येते. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली असून, अनुसूचित जातीतून बौद्ध झालेला मनुष्य अनुसूचित जातीचाच गणला जातो. मुलाच्या किंवा मुलीच्या वैद्यकीय प्रवेशासाठी जातीचे प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र वेळेवर काढून ठेवा. परीक्षेचा निकाल लागल्यावर धावाधाव करू नका आणि भीतीपोटी आपला धर्म लपवू नका.

जागा मिळाली म्हणजे सारे झाले, असेही नाही. १९२९ साली काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत शिरावयास तयार नव्हता. दोन रुपये घेऊन तो दारापर्यंत आला आणि बाळंतिणीला बाहेर आणावयास लावले. ताप मोजण्याची नळी त्याने एका मुसलमानाच्या हाती दिली, त्याने ती नवऱ्याला दिली आणि नवऱ्याने पत्नीला. डॉक्टरने रुग्णाला हात लावला नाही. ती स्त्री मरण पावली. बाबासाहेबांनी ही हकीगत आपल्या लिखाणात नोंदून ठेवली आहे. त्या डॉक्टरजवळ पदवी होती. त्याच्या शिक्षणात माणूस नव्हता. नव्वद वर्षांनी, २२ मे २०१९ रोजी, मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयातील तडवी भिल्ल समाजाची तरुण डॉक्टर पायल तडवी हिने आत्महत्या केली. जातीवरून छळ झाल्याचा आरोप असून प्रकरण न्यायालयात गेले आहे. काठेवाडात जात रुग्णाच्या बाजूला उभी होती. येथे ती डॉक्टरच्या पंगतीतच बसली. तेव्हा अभ्यासक्रमात काय शिकविले जाते, वसतिगृहात कसे वागविले जाते, तक्रार कोणाकडे जाते आणि तिचे पुढे काय होते, हेही देखरेखीचे विषय आहेत.

तुम्ही काय विचारावे?

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात एक तास राखून ठेवा. एका वहीत पुढील प्रश्न लिहा. आमदाराला आणि खासदाराला ते लेखी द्या आणि पोच घ्या.

पहिला प्रश्न : चौंडीत ठरलेले महाविद्यालय कोठवर आले? त्यासाठी चालू अंदाजपत्रकात किती रक्कम आहे आणि किती खर्च झाली?

दुसरा प्रश्न : त्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात उपचार निःशुल्क राहणार काय? जिल्हा रुग्णालयात आज जे मोफत आहे, ते पाटी बदलल्यावर मोफत राहील, असे सरकार सभागृहात सांगणार काय?

तिसरा प्रश्न : डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञांची किती पदे मंजूर आहेत व किती रिकामी आहेत? नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला ६ नोव्हेंबर २०२१ रोजी लागलेल्या आगीत त्याच दिवशी ११ रुग्णांचे प्राण गेले. त्यानंतर आगीपासून संरक्षणाची कोणती व्यवस्था झाली आणि तिची तपासणी शेवटची कधी झाली?

चौथा प्रश्न : जिल्ह्यातील प्रत्येक धर्मादाय रुग्णालयात निर्धनांच्या १० टक्के आणि दुर्बलांच्या १० टक्के खाटा रोज किती भरतात, हा आकडा दारावर लावला जातो काय?

पाचवा प्रश्न : खासगी संस्थांतील राखीव जागांच्या कायद्यासाठी आमच्या खासदाराने संसदेत किती वेळा तोंड उघडले?

आमदाराजवळ तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी सूचना आहे, कपात सूचना आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे. विधिमंडळाजवळ लोकलेखा समिती आहे आणि अनुसूचित जाती कल्याण समिती आहे. या समित्या अधिकाऱ्यांना समोर बसवून कागद मागू शकतात. ही सारी शस्त्रे आहेत, आणि ती गंजली आहेत ती मागणारा कोणी नाही म्हणून. तुमचा प्रतिनिधी रुग्णालयात फळे वाटावयास आला, तर फळे अवश्य घ्या. पण त्याच्या हाती ही वही द्या. त्याने कोणा कर्मचाऱ्यावर ओरडून टाळ्या मिळविल्या, तर टाळी वाजवू नका. ‘हेच आपण सभागृहात कधी विचारणार?’ असे त्याला शांतपणे विचारा.

हे करताना रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना शत्रू मानू नका. दोघींचे काम एकटीने ओढणारी परिचारिका आणि सलग रात्रंदिवस उभा असलेला शिकाऊ डॉक्टर हेही याच दुर्लक्षाचे बळी आहेत. जाब त्यांना विचारावयाचा नाही. ज्यांच्या हाती पदे भरण्याचा अधिकार आणि पैशाची किल्ली आहे, त्यांना तो विचारावयाचा आहे.

बंधुभगिनींनो, तुम्ही नमस्काराचा हात खाली घेतला आहे. त्या हातात आता भिक्षेचा कटोरा देऊ नका आणि कोणाला त्यात झाडूही देऊ देऊ नका. त्यात प्रश्नांची वही असू द्या. पुढच्या विजयादशमीला शिर्डीहून दीक्षाभूमीकडे निघाल, तेव्हा त्या वहीत निदान एका प्रश्नाचे लेखी उत्तर असले पाहिजे. ते नसेल, तर तोच प्रश्न पुन्हा लिहा, तारीख घाला आणि पुन्हा पोच घ्या.

जय भीम. नमो बुद्धाय.